गडपीचं पाणी

अनुजाला लहानपणापासून एक खोड होती. कुठलीही गोष्ट आत गेली की ती बाहेर कुठून निघते, हे बघितल्याशिवाय तिला चैन पडत नसे. पाचवीत असताना तिनं घरच्या मोरीतून रबरी चेंडू सोडला आणि गटारीच्या कडेकडेनं चालत चालत निम्मं उचगाव पालथं घातलं. घरचे तिला हुडकून दमले. सापडल्यावर आईनं पाठीत असा धपाटा घातला की शेजारणी बाहेर आल्या. पण चेंडू सापडला होता, त्यामुळे धपाट्याचं तिला विशेष काही वाटलं नाही.

अशा बाईला देवानं गडपीची घळ दाखवायला नको होती.

गगनबावड्याच्या अलीकडं डांबरी रस्ता सोडून वर चढलं की जांभ्या दगडाचं उघडंबोडकं पठार लागतं. त्या पठारावरून एक ओढा चांगला वाजतगाजत येतो. मधेच जमीन चिरल्यासारखी घळ आहे, तिथं तो खाली उडी मारतो. खाली हिरवंगार कुंड. कुंडाच्या मागं गुहा. पाणी कुंडातून गुहेत शिरतं आणि तिथून पुढं ओढाच नाही. पठार पालथं घाला, पलीकडच्या उतारावर जा, कुठं थेंब दिसायचा नाही. सगळा ओढा डोंगरानं गिळलेला. म्हणून नाव गडपी.

मग हे पाणी जातं कुठं? विचाराल तितकी उत्तरं. वरच्या वस्तीवरचे म्हातारे सांगत की गुहा थेट पन्हाळ्याला निघते. आता आपल्या जिल्ह्यात कुठलीही गुहा पन्हाळ्यालाच निघते, दुसरीकडं निघणारी अजून कुणी पाहिलेली नाही, तेव्हा ते सोडून द्या. कुणी म्हणे पाणी पाताळात जातं. आदर्श म्हणे कोकणात.

आदर्श हा अनुजाचा कॉलेजातला मित्र आणि धंद्यातला भागीदार. चार वर्षांपूर्वी अनुजानं शाळेतली नोकरी सोडली, आदर्शनं काकाचं टायरचं दुकान सोडलं आणि दोघांनी मिळून ‘रविवार रानात’ सुरू केलं. रविवारी सकाळी कोल्हापुरातून एक छोटी बस भरायची, माणसांना घळीत उतरवायचं, धबधब्याखाली भिजवायचं, डोक्याला विजेरी बांधून गुहेत न्यायचं, दुपारी तांबडा-पांढरा रस्सा पोटभर वाढायचा आणि दिवेलागणीला घरी सोडायचं. इतर धबधब्यांवर बाटल्या फुटायच्या आणि गाडीवरची गाणी किंचाळायची. सहलीवाल्यांत गडपी फक्त यांनाच ठाऊक होती. तिच्याच जिवावर धंदा चालला होता, आणि धंद्यावर दोघांची घरं.

शिवाय अनुजाचा एक अभिमान होता. आमची माणसं प्लास्टिकचा एक तुकडा मागं ठेवत नाहीत, असं ती छातीवर हात ठेवून सांगे. पत्रावळ नाही, थर्माकोल नाही. स्टीलची ताटं, स्टीलचे पेले, जेवण झालं की ज्यानं त्यानं आपलं ताट कुंडावर साबणानं घासून परत द्यायचं. शहरातली मोठमोठी माणसं बाह्या सरसावून ताटं घासायला बसत आणि त्याचे फोटो काढत.

“हे पाणी आता कुठं जातं माहितीये?” आदर्श तेव्हा सगळ्यांना विचारायचा. “थेट कोकणात! तुमच्या ताटातला तांबडा रस्सा तिकडं मासं खात्यात!”

माणसं हसत. अनुजाही हसे. पण तिच्या मनात दरवेळी यायचं, याला कुणी सांगितलं?

पठाराच्या दुसऱ्या अंगाला, अगदी पायथ्याला, कातळेवाडी नावाचं गाव आहे. तिथं अनुजाची आत्या राहते. तिला सगळा गाव आक्का म्हणतो, म्हणून अनुजाही आक्काच म्हणते. नवरा गेला, पोरगा पुण्याला, पण बाई खमकी. दोन म्हशी, पोटापुरतं भात आणि गावाच्या कारभारात नाक, एवढ्यावर तिचं छान चाललं होतं. गावाला नळ आहे. नळाला पाणी असतंच असं नाही. प्यायला सगळं गाव देवळामागच्या झऱ्याचं पाणी नेतं. कातळाच्या फटीतून ते दगडी कुंडीत पडतं, आणि उन्हाळ्यातसुद्धा दात शिवशिवतील इतकं गार असतं.

श्रावण संपल्यावर अनुजा आक्काला भेटायला गेली, तेव्हा आक्का चुलीपुढं तोंड पाडून बसली होती.

“सोमवार सोडला मी,” ती म्हणाली.

“का गं?”

“सोसंना झालाय. सोमवार उजाडला की पोटात मुरडा. साबुदाणा सोडला, वरी सोडली, निस्त्या पाण्यावर केला तरी त्येच. म्हादेवाचं माझ्या हातनं काय चुकलंय कुणास ठावं.” मग जरा आवाज उतरवून म्हणाली, “मी येकटीच न्हाय. सोमवारी शाळंतली निम्मी पोरं घरात असत्यात. मास्तर म्हंत्यात, ऐतवारचं मटण बाधतंय. आता ऐतवारी मटण काय आमी आजच खायला लागलोय व्हय?”

अनुजा खदखदून हसली. येताना घाटाच्या वळणावर मात्र तिनं स्कूटर बाजूला घेतली आणि इंजिन बंद केलं. रविवारी आपण वर ताटं घासतो. सोमवारी खाली पोटं बिघडतात. ती तिथं बराच वेळ डोंगराकडं बघत उभी राहिली. मध्ये एवढा मोठा डोंगर. आत काय असेल त्याच्या?

आदर्शला सांगितलं, तेव्हा त्यानं आधी थट्टेवारी नेलं. मग अनुजाचा चेहरा बघून त्यानं थट्टा आवरली.

“आणि समज, निघालं त्येच पाणी. मग?”

“मग गडपी बंद. ताटं घरी नेऊन घासली तरी माणसं त्यातच भिजत्यात, चुळा भरत्यात.”

“गडपी बंद म्हंजे आपण बंद. मी परत टायरं उचलायची आणि तू फळा पुसायचा. कळतंय न्हवं?” तो म्हणाला. “काही प्रश्न इचारायचंच नसत्यात, अनुजा. झाकली मूठ सव्वा लाखाची.”

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. अनुजालाही त्या रात्री झोप लागली नाही. पण तिची झोप उडायची कारणं दोन होती, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर धंद्याचं कारण दुसऱ्या नंबरावर होतं. पाणी जातं कुठं, हे आता कळलंच पाहिजे होतं.

पहिल्यांदा तिनं पोतंभर भाताचं तूस टाकून बघितलं. ते गुहेच्या तोंडाशीच दगडांत अडकलं आणि चिमण्यांची सोय झाली. मग हळद. ती तळाला बसली.

“गुलाल टाक की मग,” आदर्श वैतागून म्हणाला. “जोतिबाच्या चैत्र यात्रंत घातल्याला माझा पांढरा शर्ट अजून गुलाबीच हाय. आईनं कशाकशानं धुतला.”

तो चेष्टेनं बोलला होता. अनुजानं ते उचललं. प्यायच्या पाण्याचा प्रश्न होता, म्हणून दुकानातला रसायनाचा गुलाल तिनं घेतला नाही. जोतिबाच्या डोंगराच्या, म्हणजे वाडी रत्नागिरीच्या पायथ्याला बायकांचा एक गट बिटाचा रस आणि आरारूट घालून गुलाल करतो, तिथून तिनं पोतं आणलं. दुसऱ्या मुलखातल्या माणसानं हा उद्योग केला असता, तर शाई आणली असती नाहीतर नीळ आणली असती. आमच्याकडं कुस्ती जिंकली तरी गुलाल, ग्रामपंचायत जिंकली तरी गुलाल. रंग म्हटलं की माणसाचा हात आपोआप तिकडंच जातो. तो रंग दुसऱ्या कुणाच्या दारात निघाला तर तिथली माणसं काय समजतील, हा विचार दोघांनाही शिवला नाही.

शनिवारी सकाळी दोघं घळीत उतरली. गुलाल कुंडात ओतला, तसं हिरवं पाणी गुलाबी झालं आणि गुलाबी पाणी शिस्तीत गुहेकडं निघालं. अनुजा विजेरी लावून त्याच्या मागं आत शिरली. जांभ्याच्या भिंतीला चाळणीसारखी भोकं, भोकाभोकांत खेकडे. वर वटवाघळं कुजबुजत होती. पुढं छत खाली खाली येत गेलं. आधी ती वाकली, मग रांगली, शेवटी पोटावर आली. सहलीच्या माणसांना ती इथवर कधी आणत नसे. समोर एक आडवी शिळा होती आणि शिळेखाली हातभर फट. पाणी त्या फटीतून आत जात होतं.

तिनं खांद्यापर्यंत हात आत घातला. पाण्यानं हात ओढला, कुणीतरी पलीकडून धरून ओढावा तसा. मग तिनं शिळेला कान लावला. आत खोलवर कुठंतरी घुमत होतं. म्हणजे पलीकडं जागा होती, मोठी जागा होती. आपण पाणी असतो तर, असं तिला त्या क्षणी खरोखर वाटलं.

“अनुजा! मेलीस का जिती हायस?” बाहेरून आदर्श ओरडला.

“जाणार कुठं हे?” ती आतूनच म्हणाली, आणि हसली.

तिथून ती थेट कातळेवाडीला गेली आणि झऱ्याच्या कुंडीपाशी जाऊन बसली. दुपार झाली, उन्हं कलली. तिनं पांढरा रुमाल झऱ्याखाली धरून बघितला, पिळून बघितला, पुन्हा धरला. पांढराच. आक्कानं तीन वेळा येऊन चौकशी केली.

“घरात कुणाशी भांडून आलीयास?”

“न्हाय गं.”

“मग पाण्याकडं अशी काय बघत बसलीयास? बघायला कोण येणार हाय का तुला? तसं असलं तर सांग, ह्या अवतारात बसू नकोस.”

अंधार पडायला लागला तरी पाणी नितळच होतं. अनुजा उठली. सुटलो, असं तिला वाटलं, आणि त्याचा तिला आनंदही झाला. पण त्या आनंदाच्या पोटात एक खट्टूपणा होता. इथं नाही निघत, तर मग जातं कुठं? आक्का राहा म्हणत होती, पण दुसऱ्या दिवशी बस होती. आदर्शला फोन केला तर तो नुसता गरजला, “कोकणात! मी काय म्हणत हुतो?”

रविवारी सकाळी बस भरत होती. अनुजा माणसांची नावं विचारून आत सोडत होती, तेवढ्यात आक्काचा फोन आला. मागं हलगी कडाडत होती.

“अने! अगं पोरी, जोतिबा आला!”

“कुठं आला?”

“झऱ्याला! पाण्यातनं गुलाल याय लागलाय गं! ऐतवार त्येचाच न्हवं का! पहाटं मीच घागर घेऊन गेलतो, मलाच पयल्यांदा दिसला. तू ये. असशील तशी ये!”

अनुजानं फोन खाली घेतला. तिला पहिलं काय वाटलं असेल? भीती नाही, लाज नाही. निघालं! इथं निघतं! एका रात्रीत डोंगर ओलांडून! तो आनंद दोन श्वास टिकला. मग बसच्या पाठीमागच्या खिडकीतून तिला ताटांच्या चळती दिसल्या.

तिनं आदर्शला बाजूला घेऊन सांगितलं. त्यानं आधी कपाळाला हात लावला. मग त्याचे डोळे लकाकले.

“गप बस,” तो कुजबुजला. “देवानंच मिटवलंय. तुला मला सोडून कुणाला म्हाईत हाय? उलट बघ की. वर घळ, खाली तीर्थ. दिवसभराची झकास सहल!”

“आदर्श.”

“बरं, ऱ्हायलं.”

“मी खाली जातो,” अनुजा म्हणाली. कोल्हापूरच्या पोरी चिडल्या की हटकून असंच पोरांसारखं ‘जातो, येतो’ बोलतात. “तू बस वर ने. पण माझा फोन आल्याशिवाय ताट काढायचं न्हाय.”

कातळेवाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. शेजारच्या वस्त्यांवरची माणसं ट्रॅक्टर भरून आली होती. नारळ फुटत होते, “जोतिबाच्या नावानं चांगभलं” म्हणून आरोळ्या उठत होत्या. कुंडी गुलाबी झाली होती, कुंडीबाहेरचा चिखल गुलाबी झाला होता आणि त्यात नाचणाऱ्या पोरांचे पाय गुडघ्यापर्यंत गुलाबी झाले होते. गावचे गुरव आकाराम तात्या सोवळं नेसून कुंडीच्या काठावर बसले होते आणि तांब्यानं ज्याला त्याला तीर्थ घालत होते. लोक ओंजळीनं पीत होते, बाळांच्या ओठाला बोट लावत होते, कॅन भरून घेत होते.

आक्का गर्दीतून वाट काढत आली. नवं लुगडं, कपाळभर गुलाल. एवढी खुशीत अनुजानं तिला पोराच्या लग्नातही बघितलं नव्हतं.

“मला वाटलं देव माझ्यावर रुसलाय,” ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. “रुसला न्हवता गं. दारात आला माझ्या. मी दोन पेलं प्यालो. आता उद्या सोमवार धरणार. बघू कसा बाधतोय.”

आणि तिनं पितळी पेला कुंडीत बुडवून काठोकाठ भरला आणि अनुजापुढं धरला.

“घे.”

अनुजानं पेला बघितला. गुलाल बिटाचा होता, त्याचं भय नव्हतं. पण त्या पाण्याबरोबर गेल्या रविवारचं, त्याच्या आधीच्या रविवारचं काय काय अजून वाहत असेल, ते तिला आता पक्कं ठाऊक झालं होतं. तिचा हात पुढं होईना.

“का गं? देवाचं तीर्थ नगं?”

“आक्का, हे तीर्थ न्हाय.”

“मग काय हाय?”

“काल मी वर गडपीत गुलाल टाकला. पाणी कुठं निघतंय ते बघायला. ते हितं निघालं.”

ती हळूच बोलली होती, पण आकाराम तात्यांनी ऐकलं. “ए पोरी,” ते दरडावून म्हणाले, “शाणपणा शिकवाय आलीस? देवाच्या वाराला असलं बोलायचं न्हाय. जा हितनं.”

“थांबा तात्या,” आक्का म्हणाली. पेला तिनं तसाच धरला होता. “बोलू द्या तिला. कशाला बघायचं होतं तुला, पाणी कुठं निघतंय ते?”

अनुजाला आता माघारी फिरता येत नव्हतं. आदर्शसारखं गप्प बसता आलं असतं तर किती बरं झालं असतं, असं तिच्या मनात आलं.

“आमची माणसं वर जेवत्यात. कुंडात ताटं घासत्यात. साबणानं. हात धुत्यात, चुळा भरत्यात. दर ऐतवारी.”

हलगी थांबली. आधी जवळच्यांनी ऐकलं, मग त्यांनी मागच्यांना सांगितलं, आणि शब्द गर्दीतून मागं मागं जाताना अनुजाला दिसत राहिला. कुणी ओरडलं नाही. कोल्हापूरकडची माणसं ओरडली नाहीत की समजावं, मामला गंभीर आहे. एका बाईनं भरलेली घागर कंबरेवरून उतरवली आणि तिथंच चिखलात ओतून टाकली. मग दुसरीनं. एका बापानं पोराच्या तोंडात बोट घालून, जणू अजून काही बाहेर काढता येईल, अशा घाईनं त्याचे ओठ पुसले. आकाराम तात्यांनी तांब्या खाली ठेवला.

“कवापास्नं?” आक्कानं विचारलं.

“चार वर्सं झाली.”

“चार वर्सं.” आक्कानं मान हलवली. रागापेक्षा तिच्या तोंडावर नवल जास्त होतं. “म्हंजे माझा उपास न्हवता बाधत. आन मी म्हादेवाला बोल लावत बसलो.”

“मला म्हाईत न्हवतं गं, आक्का.”

“आता हाय न्हवं?”

अनुजाचा फोन वाजला. आदर्श होता, आणि त्याचा आवाज नेहमीप्रमाणं चार माणसांना ऐकू जाईल असा. “काय झालं खाली? हितं माणसं भुकेली हायत. वाढू का नगो?”

सगळा गाव तिच्याकडं बघत होता.

“नगो,” अनुजा म्हणाली. “भांडी बसमध्येच ऱ्हाऊ देत. माणसं गोळा कर आणि रस्त्यावरच्या हॉटेलात जेवायला ने. गडपी बंद.”

“आजच्यापुरती न्हवं?”

“कायमची.”

आदर्शनं फोन ठेवला. अनुजाला रडू फुटलं, आणि ते तिनं लपवलं नाही. घळ गेली म्हणून रडत होती, धंदा गेला म्हणून की आक्काच्या पोटातल्या मुरड्यांसाठी, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. आक्कानं तिला रडू दिलं. जवळ घेतलं नाही आणि दूरही लोटलं नाही. रडणं ओसरल्यावर तिनं पेला पुन्हा पुढं केला. गुलाल तळाला बसला होता, म्हणून तिनं बोटानं तो ढवळला.

“आमी चार वर्सं प्यालो,” ती म्हणाली. “तू येक पेला पी.”

अनुजानं पेला घेतला. पाणी दात शिवशिवतील इतकं गार होतं, त्याला बिटाची किंचित गोडी होती, आणि गोडीच्या मागं काहीतरी होतं, जे तिला गेल्या चार वर्षांत कुठल्याच रविवारी चाखावं लागलं नव्हतं. ती थांबली नाही. शेवटच्या घोटापर्यंत प्याली. आक्कानं पेला तिच्या हातातून घेतला, उपडा करून बघितला, आणि मगच ती घराकडं वळली.